सात शनिवारांची सही

काशिनाथ,

जलदानाच्या दिवशी विहारात तुझ्या फोटोपुढे सगळे दोन-दोन शब्द बोलले. तुझ्या ऑफिसातला एक जण बोलला की तू कधी लेट आला नाहीस. गुरुजी बोलले की आपल्या पूर्णा गावातला पहिला बी.कॉम. तू. मग तुझी लेक संगीता माझ्याकडे बघून म्हणाली, "बाळारामकाका, तुम्ही बोला." मी उठलो. माईक हातात घेतला. "काशिनाथ माझा दोस्त होता," एवढं म्हटलं आणि खाली बसलो.

लोकांना वाटलं, म्हातारा गहिवरला. गहिवरलो होतोच. पण बोलणं अडलं ते दुसऱ्या जागी. मला जे बोलायचं होतं ते तुझ्याशी होतं. इतकी वर्षं तुझ्या तोंडावर बोललो नाही, तर भरल्या विहारात फोटोपुढे काय बोलणार? म्हणून घरी बसून लिहितोय. माझं अक्षर तुला ठाऊक आहे. चुका काढू नकोस. काढशीलच म्हणा.

आपण दोघं शाळेत दोन वर्षं एकत्र होतो. दुसरीतून मी उठलो आणि बापाबरोबर खाडीवर जाळं टाकायला लागलो. तू शिकत राहिलास. सुट्टीत तू आमच्याकडे यायचास, ओट्याच्या खाली उभा राहायचास, आणि आई वरून पाणी ओतायची. तू ओंजळीने प्यायचास. आई वाईट नव्हती. पण भांडं तुझ्या हातात दिलं नाही कधी. मला त्यात तेव्हा काही वावगं वाटलं नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे माझ्या तोंडातून जे निघालं ते त्याच ओट्यावरून आलं होतं.

खाडीत मासळी कमी झाली, मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या आणि भिवंडीत गल्लोगल्ली लूम वाजायला लागले, तेव्हा तू मला कंपनीत घेऊन गेलास. तू तिथे अकाउंटला क्लार्क होतास. सायझिंगमधून, म्हणजे सुताला खळ लावतात तिथून, सुताचे बीम निघायचे, माणसाएवढे लांब, दोघांना उचलायला जड. ते हातगाडीवर घालून कारखान्यांत पोचवायचे आणि कापडाच्या गाठी परत आणायच्या. मी टोळी केली. बारा माणसं, चार गाड्या. निम्मे आपल्याकडचे, निम्मे यूपीचे. इद्रीस त्यांच्यातला वयाने मोठा.

बाराजणांत सही फक्त मला यायची. बाकीचे अंगठेवाले. म्हणून बिल माझ्या नावाने निघायचं, आणि पैसे मी घेऊन यायचो. आमच्यात मुकादमाचं कमिशन नव्हतं. शनिवारी गेटाबाहेर बारदान अंथरायचं आणि खाडीवर मासळीचे वाटे घालतात तसे पैशाचे बारा वाटे घालायचे. मग एक जण पाठ फिरवून बसायचा. दुसरा एका वाट्यावर बोट ठेवून विचारायचा, "ह्यो कुणाचा?" पाठ फिरवलेला नाव घ्यायचा. ज्याचं नाव येईल त्याचा तो वाटा. बाप करायचा तसंच. कोणी आजारी असला तरी त्याचा वाटा निघायचा. शेवटचा उरेल तो माझा. सुरुवातीला यूपीवाले हसले. महिन्याभराने इद्रीस स्वतः पाठ फिरवून बसायला लागला. "चाचा, इसमें झगड़ा ही नहीं है," म्हणायचा.

मला ह्याचा गर्व होता. कागद नाही, शिक्का नाही आणि एका पैशाची तक्रार नाही.

आणि मग तू कागद घेऊन आलास.

आधी तर पैसेच कमी आले. शेकडा दोन कापलेले. मी तुझ्या टेबलावर हात आपटला. "ह्ये दोन टक्के कुणी खाल्ले?"

"कोणी खाल्ले नाहीत. सरकारात भरले, तुझ्या नावावर."

"मी सांगितलं हुतं भरायला?"

"कायदा आहे. कंपनी ठेकेदाराला पैसे देते तेव्हा कापून देते. वर्षाच्या शेवटी मी यादी पाठवतो, कोणाला किती दिले, किती कापले. रंगवाला, बॉयलरचा मिस्त्री, ट्रान्सपोर्टवाला, सगळे त्यात असतात. तू पण."

"मी कसला ठेकेदार? मी वाटेकरी."

तू ड्रॉवरमधून सर्टिफिकेट काढून माझ्यापुढे ठेवलंस. म्हणालास, ही कापलेल्या पैशाची पोच आहे, जपून ठेव, रिटर्न भर, हे पैसे परत मिळतील. मी तो कागद बोटाने तुझ्याकडे सरकवला. मला वाटलं, हा कागद घेतला म्हणजे कबूल केलं की मी ठेकेदार आहे आणि ते सगळे पैसे माझे आहेत. कागद माझ्या घरात गेला की सरकार पण मागोमाग घरात येणार. "मला पोच नको," म्हटलं. "पैसे दे न्हायतर ऱ्हाऊ दे."

त्या वर्षी तू चार वेळा ते कागद दिलेस आणि चार वेळा मी परत केले. तू वाद घातला नाहीस. प्रत्येक वेळी कागद घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवलास. मला वाटायचं मी जिंकतोय.

त्याच वर्षी एप्रिलच्या पहिल्या शनिवारपासून तू गेटावर यायला लागलास, शाईचं पॅड आणि स्वतःच्या पैशाने आणलेलं लांब रजिस्टर घेऊन. बारा नावं, आठवड्याचा एकेक चौकोन, आणि कडेला शेऱ्याची जागा. वाटा उचलला की अंगठा लावायचा. तुझी ती ड्युटी नव्हती. तुझी सुट्टी झालेली असायची. टोळीने तुझी चेष्टा केली. इद्रीस ओरडायचा, "लो, काशीबाबू आ गए अंगूठा काटने!" आणि तू म्हणायचास, "काटूँगा नहीं, संभाल के रखूँगा." मी पण सही करायचो, हसत, तुझी समजूत घालायला. मी तुला विचारलं होतं, हे कशाला? तू म्हणालास, "तू सांगशील बारा वाटे केले. कोण ऐकेल? दाखवायला लागतं." मला ते लागलं. माझ्या वाट्याला साक्ष लागते?

आता त्या दिवसाचं. फिरवून फिरवून तिथेच यायचं आहे.

माझ्या मंदाच्या लग्नाची पत्रिका घेऊन मी ऑफिसात आलो होतो. मॅनेजरला दिली, टायपिस्टला दिली, तुला दिली. मॅनेजर खूश होता, त्याला म्हटलं, साहेब, त्या दोन टक्क्यांचं काहीतरी करा. तो लगेच तुला म्हणाला, "काशिनाथ, ह्याचं बिल फोडून टाक. बारा नावं, बारा छोटी बिलं. कापायला नको, कळवायला नको. एप्रिलपासूनची पण नवी बनव, मागच्या तारखा घालून."

तू पेन खाली ठेवलंस. "सर, मागच्या तारखा मी घालत नाही."

मी मध्ये पडलो. "आरं, बारा माणसं हायत ना? खोटं कुठं हाय? लिव बारा नावं."

"कंपनीने काम कोणाला दिलं?"

"मला."

"पैसे कोणाच्या हातात दिले?"

"माझ्या."

"मग मी तेच लिहिणार. पुढे तू काय केलंस ते तू सांग. साक्षीला मी येतो."

"पण मी ठेकेदार न्हाय!"

तेव्हा तू पत्रिका उचललीस. ती वाचून दाखवलीस, सावकाश, ऑफिसात ऐकू जाईल अशी. "श्री. बाळाराम, ठेकेदार, मुक्काम पूर्णा. हे कोणी छापलं? पत्रिकेत ठेकेदार आणि बिलात हमाल? बाळाराम, एक काय ते ठरव."

मॅनेजर हसला. टायपिस्ट हसला. चहावाला दारात होता, तो पण हसला.

तू खरं बोललास. पण तू ते जरा मोठ्याने बोललास, काशिनाथ. तुला चूक पकडल्यावर गोड लागायचं. हॉटेलात बिलाची बेरीज तपासून वेटरला शिकवणारा माणूस तू. ते मी आजही म्हणेन.

आणि मी म्हणालो, "तुमच्या लोकांच्या हातात पेन काय आलं, आता आम्हाला शिकवायला लागलात."

मी काय बोललो ते मला तोंडातून निघतानाच कळलं होतं. मला माहीत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. हसणं थांबलं. टायपिस्ट खाली बघायला लागला. तू माझ्याकडे बघितलंस, थोडा वेळ. रागाने बघितलं असतंस तर मी भांडलो असतो. तू तसं बघितलंसच नाही. लहानपणी ओट्याखाली उभा राहून पाण्याची वाट बघायचास, तसं बघितलंस. मग पेनाचं टोपण लावलंस आणि म्हणालास, "बिल बदलणार नाही. शनिवारी येतो."

शनिवारी आलास. मी वाटा उचलला आणि तुझ्या रजिस्टरकडे पाठ करून बिडी पेटवली. सही केली नाही. दुसऱ्या शनिवारी पण नाही. असे सात शनिवार. अकरा अंगठे लागायचे आणि तू रजिस्टर मिटून जायचास. मला वाटायचं, एकदा तरी हा म्हणेल, बाळाराम, सही कर. मग मी पण काहीतरी बोललो असतो. तू म्हणाला नाहीस, आणि मी तुझ्याहून हट्टी.

मंदाच्या लग्नाला तू आलास. वहिनीला घेऊन, स्टीलची कळशी घेऊन. आहेर दिलास, मंदाच्या डोक्यावर हात ठेवलास. जेवणाची पंगत बसायला लागली तसा म्हणालास, "निघतो, ड्युटी आहे." तो रविवार होता. रविवारी कसली ड्युटी? मी मांडवाच्या दाराशी उभा राहून तुम्हा दोघांना उन्हातून चालत जाताना बघितलं. हाक मारता आली असती. अंतर काही फार नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी सही केली. का केली विचारू नकोस. तू पॅड सरकवलंस, मी पेन मागितलं, तू दिलंस. मला वाटलं, फिटलं. असं फिटत नसतं हे मला आत्ता कळतं.

वर्ष गेलं, आणि ठाण्याहून इन्कम टॅक्सची नोटीस आली.

पोस्टमनने गेटावर आणून दिली. इंग्रजी कागद. चहावाल्याला दोन अक्षरं इंग्रजी यायची, त्याने सगळ्यांपुढे आकडा वाचला: एक लाख बासष्ट हजार. कंपनीने बाळारामला एका वर्षात दिले. बाळारामने रिटर्न भरलं नाही. खुलासा करा.

इद्रीसने विचारलं, "चाचा, एक लाख बासठ हज़ार? इतना पैसा हमने तो कभी देखा नहीं."

"देखा नहीं म्हणजे? तुझ्यासमोर वाटे घालतो मी!"

"वो तो जो सामने आया, वो."

जो सामने आया. जे समोर आलं ते. ह्याचा अर्थ मागे काही ठेवलं असणार. त्या शनिवारी बारदान अंथरलं, बारा वाटे घातले, आणि पाठ फिरवायला कोणी बसेना. माझा चुलतभाऊ जोमा, तो पण नाही. सगळे वाट्यांकडे तोंड करून उभे. माझ्या बापाच्या हयातीत खाडीवर असं कधी झालं नव्हतं. पैसे गेले असते तर मी कमावले असते. माझ्यावर भरवसा ठेवून फिरणारी पाठ गेली होती.

मी तुझ्याकडे आलो ते भांडायलाच. "तूच कळवलंस माझं नाव! तुझ्या यादीतून आलं ह्ये!"

"हो," तू म्हणालास. "मीच लिहिलं. खरं होतं ते."

"आता माझी टोळी मला चोर म्हणते."

तू घड्याळ बघितलंस. "शनिवारी सगळ्यांना थांबायला सांग. मी येतो."

माझी मान खाली होती आणि तुझ्या आवाजात कुठेही "बघ, मी सांगितलं होतं" नव्हतं. मी शोधत होतो तो आवाज. मिळाला असता तर मला बरं वाटलं असतं.

शनिवारी तू गेटापाशी पोत्यावर बसलास, मांडीवर रजिस्टर. एकेकाचं नाव घेतलंस, त्याचे अंगठे त्याला दाखवलेस आणि बेरीज सांगितलीस. "इद्रीस, साल का तेरह हज़ार दो सौ तीस. ये तेरा अंगूठा है कि नहीं?"

इद्रीस वाकला. त्याच्या अंगठ्यावर चिरलेल्याची खूण होती, ती प्रत्येक चौकोनात होती. "मेरा ही है, बाबू."

"जोमा, तेरा हजार दोनशे तीस." सगळ्यांचे तेवढेच. मग म्हणालास, आता बारा जणांचे एकत्र करा, आणि त्यात दोन टक्के कापलेले मिळवा. तू पाटीवर खडूने बेरीज केलीस. एक लाख बासष्ट हजार. नोटिशीत होता तोच आकडा. एक रुपया इकडे नाही, एक रुपया तिकडे नाही.

मग इद्रीसने रजिस्टरातल्या रिकाम्या चौकोनांवर बोट ठेवलं. "और चाचा के ये सात खाने खाली क्यों हैं?"

तू एका शब्दात मला उघडं पाडू शकत होतास. मी काय बोललो होतो, कोणाला बोललो होतो, सगळं. तू म्हणालास, "उस वक़्त मुझसे नाराज़ थे. हिस्सा उठाया, मैंने ख़ुद देखा है. दस्तख़त नहीं किया, बस."

इद्रीस माझ्याकडे बघत राहिला, मग बारदानावर गेला आणि पाठ फिरवून बसला. "पूछो, किसका है?"

मी पहिल्या वाट्यावर बोट ठेवलं.

सुनावणीला तू रजा टाकून माझ्याबरोबर आलास. एस.टी.त खिडकीशी मी, शेजारी तू, मांडीवर रजिस्टर आणि मी नाकारलेली चार सर्टिफिकेटं. ती तू सगळी ठेवली होतीस, नव्यासारखी. मी म्हटलं, "दे इकडं, त्या सात जागी सह्या ठोकतो. साहेब विचारणार न्हाय."

तू रजिस्टर माझ्या हाताखालून काढून घेतलंस. "आजची सही त्या दिवशीची होत नाही."

"कोणाला कळतंय?"

"मला कळतं ना."

कशेळीचा पूल येईपर्यंत मी तुझ्याशी बोललो नाही.

साहेब तरुण होता. त्याने मला विचारलं, "तुम्ही ठेकेदार?" मी तुझ्याकडे बघितलं. तू छताकडे बघत होतास. म्हटलं, "व्हय साहेब. मीच ठेकेदार. पण वाटा बारावाच घेतो." मग वाट्याची रीत सांगितली, पाठ कशी फिरवतात ते. त्याला गंमत वाटली. त्याने रजिस्टर पानापानाने बघितलं, ते सात चौकोन बघितले, कडेचं काहीतरी वाचलं, आणि तुझ्याकडे मान वर केली. "हे का रिकामे?"

"सही झाली नव्हती, साहेब. म्हणून नाही."

"सगळं भरून आणलं असतंत तर मी ह्याच्यावर विश्वास ठेवला नसता," तो म्हणाला. आणि खुलासा मंजूर करायला पेन उचललं.

येताना एस.टी. रिकामी होती. पुलावर मी खिडकीतून बघितलं, खाडीला भरती होती. तेव्हा बोलायला हवं होतं. शब्द ओठापर्यंत आले होते. मी म्हणालो, "भरती चांगली आलीय. जाळ्यात बोयरी मासळी लागत असंल." तू म्हणालास, "लागत असेल." माझं तेवढ्यावर भागलं, आणि तू मला तेवढ्यावर सोडलंस.

कापलेले तीन हजार दोनशे चाळीस परत आले तेव्हा मी बारदानावर तेरा वाटे घातले. तू ताडकन उठलास. "मी कंपनीचा पगार घेतो. मी ह्या टोळीत नाही. मी वाटा घेतला तर मी लिहिलेलं सगळं खोटं ठरेल." टोळी तुझ्या पाया पडायची बाकी राहिली, तू ऐकलं नाहीस. तेरावा वाटा मोडून बारांत घातला. त्यावरून आपण पुढे कायम भांडलो. मी म्हणायचो, तुला घमेंड आहे. तू म्हणायचास, असेल. मी म्हणायचो, दोस्ताचा वाटा नाकारणं म्हणजे काय? तू म्हणायचास, दोस्ताच्या घरचा चहा घेतो ना, मग झालं. ते भांडण अर्धवटच राहिलं. मी अजून माझ्या म्हणण्यावर आहे. तेरावा वाटा तुझा होता.

चहा मात्र घ्यायचास. तेव्हापासून दर रविवारी तू आमच्या ओट्यावर, वर, माझ्या शेजारी बसायचास आणि मला वाचायला शिकवायचास. "सही करतोस तर वाचून कर," म्हणालास. पन्नाशीच्या माणसाला बाराखडी! मी पाटी फेकली एकदा. तू अंगणातून उचलून आणलीस. मी पहिला पूर्ण वाचला तो कागद म्हणजे आमच्या मंदाची जुनी पत्रिका. "ठेकेदार" शब्दाशी अडखळलो. तू हसलास, मी पण हसलो. बस, ऑफिसातल्या त्या दिवसाच्या इतकं जवळ आपण कधी आलो नाही. तेव्हा पण बोलता आलं असतं.

कंपनी बंद पडली, लूम बरेच भंगारात गेले. आता पूर्ण्यात शेतांवर गोडाऊनची पत्र्याची छपरं चढतायत. माझा पोरगा तिथे लेबर पुरवतो. त्याचे दोन टक्के कापले की तो सर्टिफिकेट मागून घेतो, फाईलला लावतो. त्याला कोणी शिकवलं ते तो विसरला असेल. मी विसरलो नाही.

तू गेलास त्याच्या चार दिवस आधी मी आलो होतो. तुला दम लागत होता, बोलवत नव्हतं. मी ठरवून आलो होतो, आज सांगायचंच. वहिनी आत चहा करत होती. दोघंच होतो. मी म्हटलं, "गोडाऊनवाल्यांनी रस्ता पार खणून ठेवलाय." तू डोळे मिटून मान हलवलीस. थोड्या वेळाने हात लांब करून माझं मनगट धरलंस आणि तसाच पडून राहिलास. काय सांगत होतास? का नुसता आधार घेत होतास? मला ठाऊक नाही. तुला विचारायला पण आता उशीर झाला.

जलदान झाल्यावर वहिनीने मला थांबवलं. कपाटातून ते रजिस्टर काढून दिलं. "भावजी, हे तुमचं. त्यांनी सांगून ठेवलं होतं." मी ते पिशवीत घालून आणलं आणि दोन दिवस उघडलं नाही.

काल दुपारी उघडलं. अंगठ्यांची शाई तपकिरी झालीय. इद्रीसची खूण अजून दिसते. तू प्रत्येक आठवड्याला कडेला शेरा लिहिलायस. "जोमा आजारी, वाटा दिला." "पाऊस, काम दोन दिवस बंद." तेव्हा मला वाचता येत नव्हतं. टोळीपुढे तू ते वाचलं नाहीस, साहेबाने मनात वाचलं. म्हणून त्या सात चौकोनांपुढे तू काय लिहिलंयस ते मी काल पहिल्यांदा वाचलं.

"वाटा घेतला. सही बाकी."

सात वेळा तेच. सहीला नकार दिला असं नाही, भांडला असं नाही. बाकी. म्हणजे तुला वाटत होतं की मी करीन. ऑफिसात तसं ऐकून घेतल्यावर त्याच आठवड्यात, त्याच अक्षरात, तू लिहिलंस की हा करील. आणि नंतर एवढी वर्षं ते रजिस्टर घरात ठेवलंस.

मी पेन शोधलं. चष्मा पुसला. पहिल्या चौकोनापुढे, तुझ्या शेऱ्याखाली जागा होती, तिथे लिहिलं: "मी ऑफिसात जे बोललो ते वाईट बोललो. माफी मागतो." "ऑफिसात" चुकलं, खोडून पुन्हा लिहिलं. मग सातही चौकोनांत सही केली. सही जरा वाकडी आली, पण माझीच आहे, कोणीही ओळखील.

प्रत्येक सहीखाली तारीख घातली. कालचीच, खरी. मागची घातली असती तर तू रजिस्टर माझ्या हाताखालून काढून घेतलं असतंस. उशीर झालाय, काशिनाथ. तो दिसू दे.

तुझा,
बाळाराम, ठेकेदार
मुक्काम पूर्णा